आधी काना, बाराखडी नंतर: चार ते सात वर्षांच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना

जूनमध्ये शाळा सुरू झाली की भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो आणि 'अ अननसाचा' सुरू होतं. तक्ता असू द्या. पण मराठीच्या प्रमाण वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. ते पाठ होऊन बाराखडी संपेपर्यंत मुलाला एकही शब्द वाचायला मिळाला नाही, तर ही अक्षरं कशासाठी शिकायची हेच त्याला कळत नाही. त्यामुळे आधी आवाज ऐकायला शिकवा, मग पाच अक्षरं आणि काना घ्या, आणि त्याच आठवड्यात शब्द वाचायला द्या.

आवाजाच्या खेळाला पाटी-पेन्सिल लागत नाही. रोज पाच मिनिटं पुरतात, कोल्हापुरात केएमटीच्या (महापालिकेच्या) बसमध्ये बसल्या-बसल्याही होतात. शब्द म्हणायचा आणि टाळ्या वाजवायच्या: रं-का-ळा (इथला तलाव) तीन, मि-सळ दोन, गूळ एक. टाळी बोलण्याप्रमाणे द्यायची, अक्षरं मोजून नाही. 'कोल्हापूर'ला को-ल्हा-पूर अशा तीनच टाळ्या. तिथं चौथी टाळी लावलीत तर मूल कानावर विश्वास ठेवायचं सोडतं. हे जमलं की पहिला आवाज ओळखायचा, मग आवाज काढून टाकायचा: 'माकड'मधला 'मा' काढला, काय राहिलं? 'कड' असं उत्तर पटकन आलं की मूल अक्षरांना तयार झालं.

आता चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिका कापून साधारण पाच सेंटिमीटरचे चौकोन करा. क, म, न, ल, र प्रत्येकी दोन आणि काना चार. कान्याची चिठ्ठी निम्म्या रुंदीची. खालच्या कडेला लाल रेघ मारा, म्हणजे चिठ्ठी उलटी धरली जात नाही. एवढ्यावर कान, नाक, काम, लाल, मामा, काका, मला, रान, कमान हे शब्द होतात आणि 'रमा, काम कर' हे वाक्यही.

बहुतेक मुलं अडतात ती इथं: 'का' म्हणतात, थांबतात, 'न' म्हणतात, आणि पुढं शब्द येतच नाही. कारण सुट्या 'न'मध्ये 'अ' मिसळलेला असतो आणि 'कान'च्या शेवटी तो ऐकू येत नाही. 'का'ची आणि 'न'ची चिठ्ठी चार बोटं लांब ठेवा. 'काऽऽऽ' असा आवाज लांबवत दुसरी चिठ्ठी जवळ सरकवा. चिठ्ठ्या चिकटल्या की 'कान' तोंडातून बाहेर पडला पाहिजे. मध्ये श्वास घेऊ देऊ नका. पाच-सहा शब्द असे झाले की हाताची गरज राहत नाही.

दुसऱ्या गटात ब, स, प, त, ट, आ, ई आणि दुसरी वेलांटी: पाटी, बस, तीन, आई, 'बस आली'. पहिली वेलांटी मुद्दाम मागं ठेवा. मराठी शब्दाच्या शेवटी बहुधा दीर्घच येते, 'आणि'सारखे अपवाद थोडे. शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, त्यामुळे मूल 'कि'ला 'इक' वाचतं. ती शिकवाल तेव्हा आधी क ठेवायचा, मग वेलांटी त्याच्या डावीकडे आणायची. उकारातही दुसरा आधी घ्या: गूळ, फूल, लाडू.

तिसऱ्या गटात ग, च, ळ, ण आणि अनुस्वार घेतले की 'रंकाळा', 'पंचगंगा', 'पाणी', 'चटणी' वाचता येतात. बसच्या पाटीवर 'रंकाळा' स्वतः वाचलेलं मूल पुढचं अक्षर आपणहून मागतं. गटाला साधारण दोन आठवडे द्या. मागच्या गटातले शब्द अडखळत असतील तर थांबा, पुढं ढकलू नका. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. तोवर स्वतःचं नाव आणि 'कोल्हापूर' चित्रासारखं ओळखलं तरी चालतं.

लिहायला वहीची घाई नको. ताटात बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा रव्याचा थर पसरून बोटानं गिरवू द्या. मग पाटीवर खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. लांब खडू मुठीत धरला जातो, तुकडा चिमटीतच बसतो. अक्षरं वळणानं गटात घ्या: व, ब, क एकत्र, ग, म, भ एकत्र. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे. आधी रेघ ओढली तर भ आणि ध यांची वरची मोकळी जागा बुजते आणि त्यांचे म आणि घ होतात. 'दहा वेळा लिही' म्हणू नका, चौथ्यापासून अक्षर बिघडत जातं. तीनदा लिहू द्या आणि सर्वांत चांगलं कुठलं ते त्यालाच गोल करायला सांगा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मूल जे बोलतं ते त्याच्या बोलण्यातच लिहून द्या. मुलगी म्हणाली, 'मी आजीसंगं रंकाळ्याला गेलो', तर तसंच लिहा. इकडं बायका-मुलीही 'गेलो', 'आलो' म्हणतात. तुम्ही 'गेले' लिहिलंत, की कागदावरचं वाक्य तिचं राहत नाही आणि बोट ठेवून वाचताना ती अडते. पुस्तकातलं 'गेले' गोष्ट वाचून दाखवताना तिच्या कानावर पडेलच. 'पानी' लिहिणाऱ्या मुलानंही ऐकलेलं बरोबर लिहिलेलं असतं. त्याला न आणि ण तोंडानं वेगळे म्हणायला लावा, 'पान' आणि 'पाणी' शेजारी ठेवा. खाडाखोड करून लाल शेरा मारू नका.

सातवं वर्ष संपत आलं, रोज सराव आहे आणि तरी दोन अक्षरी शब्द जुळत नसतील, तर शिकवणी लावण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दोन्हीची तपासणी होते. सतत सर्दी होऊन कमी ऐकू येणाऱ्या मुलाला प आणि ब, त आणि ट यांतला फरक कळत नाही, आणि घरात त्याला आळशी म्हटलं जातं.