लेहला जाणाऱ्या जुन्या मशीनची ऑइलची तयारी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देवास नाक्यावरच्या आमच्या वर्कशॉपमधून एक डोझर आणि एक लोडर ट्रेलरवर चढून लेहकडे निघतील. दोन्ही मशीन वीस वर्षांच्या पुढची. मनालीकडचा रस्ता बर्फाने बंद झाला की मागून काही पाठवणं अवघड होतं, म्हणून ऑइलचं जे करायचं ते इंदूरमध्येच करून घ्यायचं. इंदूर-देवास पट्ट्यातून अशा थंडीतल्या कामावर मशीन पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

सुरुवात ऑइलच्या दुकानात नको, ठेकेदाराच्या फोनवरून करा. मशीन रात्री उघड्यावर उभं राहणार का, आणि पहाटे तिथला पारा किती उतरतो, ते विचारून लिहून ठेवा. दुपारचं तापमान कामाचं नाही, सेल्फ मारायच्या वेळचं हवं. इंदूरला जानेवारीत ६-७ अंशांवर आपण शेकोट्या पेटवतो, तरी इंजिनमध्ये १५डब्ल्यू-४० ऑइल बाराही महिने चालतं. लेहला थंडीत उणे १५, उणे २० ही रोजची गोष्ट आहे. त्याच्याही १० अंश खालचा हिशेब धरून ऑइल घ्या.

इंजिनच्या ऑइलमध्ये 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा इंजिन गरम झाल्यावरच्या घट्टपणाचा. १५डब्ल्यूची क्रँकिंगची, म्हणजे थंड इंजिन फिरवता येतं का याची, चाचणी उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर आणि ५डब्ल्यूची उणे ३० वर. म्हणजे लेहच्या पहाटे १५डब्ल्यू अगदी काठावर असतं. दोन वर्षांपूर्वी आमचा लोडर तेच ऑइल घालून गेला होता, पुरवठादार म्हणाला होता की सगळीकडे चालतं. पहाटे इंजिन सुरू झालं, पण प्रेशरचा काटा जागचा हलेना. ऑपरेटरने गरम व्हावं म्हणून रेस दिली आणि टर्बोचं बेअरिंग गेलं. पोराची चूक नव्हती, ऑइल वरपर्यंत पोचलंच नव्हतं. यंदा दोन्ही मशीनला ५डब्ल्यू-४० जाईल. पुढचा ४० मात्र सोडू नका. जुन्या इंजिनात बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, वाढलेला असतो. थंडीला घाबरून ०डब्ल्यू-३० घातलं तर सुरू छान होईल, पण दुपारी लोडवर गरम झाल्यावर प्रेशर पडेल. डब्यावर सीआय-४ प्लस किंवा सीके-४ हा डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा पाहून घ्या. एफए-४ लिहिलेलं पातळ ऑइल नव्या इंजिनांसाठी आहे, ते जुन्यात घालायचं नाही.

कागदावरचे आकडे मिस्त्रींना पटत नसतील तर आम्ही केलं ते करा. ओळखीच्या डेअरीच्या डीप फ्रीझरमध्ये, साधारण उणे १८ अंशांत, काचेच्या बाटल्यांत तीन ऑइलं रात्रभर ठेवली. सकाळी बाटल्या आडव्या केल्या. ७५डब्ल्यू-९० हे गिअर ऑइल लगेच सरकलं, १५डब्ल्यू-४० काकवीसारखं हळूहळू आलं, आणि आपण सगळे लोडरच्या डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलमधल्या गिअरमध्ये) घालतो ते ८५डब्ल्यू-१४० जागचं हललं नाही. बाटली उलटी धरली तरी तळाशी तसंच चिकटून. त्या दिवसापासून आमच्याकडे या विषयावर वाद झालेला नाही.

कारण सरळ आहे. गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलपेक्षा वेगळ्या मापाचे असतात. ८५डब्ल्यूची मर्यादा उणे १२ अंश, ८०डब्ल्यूची उणे २६, ७५डब्ल्यूची उणे ४०. त्याच्या खाली ऑइल इतकं घट्ट होतं की गिअर त्यात खाच पाडतो, बाजूचं ऑइल परत खाचेत येत नाही आणि दाते कोरडेच फिरतात. म्हणून डिफरन्शियलला ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक. ॲक्सलमध्ये वेट ब्रेक (ऑइलमध्ये बुडालेले) असतील तर मात्र आधी मॅन्युअल उघडा, तिथलं ऑइल वेगळं असतं. सोबत जाणाऱ्या टिपरच्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घ्या. जीएल-५ मधली रसायनं पितळ खाऊ शकतात.

पॉवरशिफ्ट ट्रान्समिशनला (ऑइलच्या दाबावर क्लच लावून गिअर बदलणाऱ्या) टीओ-४ दर्जाचंच ऑइल, आणि ३० ऐवजी १०डब्ल्यू. क्लच प्लेटांची पकड त्या ऑइलवर ठरलेली असते. उरलेलं इंजिन ऑइल त्यात ओतून काम भागवायचा मोह होतो. मग प्लेटा घसरतात आणि दोष जुन्या मशीनवर जातो.

हायड्रॉलिकला इथे आपण व्हीजी ६८ वापरतो. हा आकडा ४० अंशांवरच्या घट्टपणाचा आहे. तिकडच्या थंडीत हे ऑइल सक्शनमधून येत नाही, पंप खडखड वाजतो आणि आतून झिजतो. जास्त व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं, म्हणजे तापमानानुसार घट्टपणा कमी बदलणारं, व्हीजी ३२ भरा. पंप जुना असेल तर उन्हाळ्यात ते आतल्या आत गळून बूम सुस्त होतो, म्हणून मे-जूनसाठी ४६ चे डबे याच फेरीत चढवा. ग्रीस दोन नंबरऐवजी एक किंवा शून्य नंबरचं, लिथियम कॉम्प्लेक्स. पिनमधून जुनं ग्रीस पूर्ण बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत गन मारत राहा, कारण वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की फुटू शकतात.

हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नवं डिटर्जंटवालं ऑइल वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, आणि जुन्या सीलची गळती बऱ्याचदा त्या गाळानेच थोपवलेली असते. ऑगस्टमध्ये ऑइल बदला, ५० तास इथेच काम करून घ्या, फिल्टर कापून आत काय आलंय ते बघा, रडणारे सील बदला आणि मग नवा फिल्टर लावा. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची झडप) उघडून साफ करा; ओल आत राहिली तर तिकडे तिचा बर्फ होतो.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कूलंट निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल म्हणजे उणे ३७ पर्यंत निभतं. टाकीत इंदूरचं डिझेल घेऊन जाऊ नका. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ पर्यंत वाहतं, तेच तिकडे भरून घ्या.

टॉप-अपचे डबे मशीनसोबतच जाऊ द्या. झाकणांना रंग द्या: इंजिन लाल, हायड्रॉलिक पिवळं, ट्रान्समिशन निळं, गिअर काळं. प्रत्येक फिलर कॅपवरही तोच रंग, बोटभर जाड. पहाटे अंधारात हातमोजे घालून डबा उघडणाऱ्या माणसाला लेबल वाचता येत नाही, रंग दिसतो.