गाडीच्या कामासाठी इम्पॅक्ट रेंच: किती टॉर्क पुरतो?

इम्पॅक्ट रेंच म्हणजे ठोके देत नट फिरवणारा, बॅटरीवर किंवा हवेवर चालणारा पाना. तो घेताना खोक्यावरचा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा नंतर बघा. आधी कोणते नट सोडवायचे आहेत ते ठरवा. छोट्या-मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारण 100 ते 130 न्यूटन मीटरला आवळतात, मोठ्या एसयूव्हींचे 200 पर्यंतही जातात. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा हब नट अनेक गाड्यांत 200 ते 300 ला असतो. क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीचा) बोल्ट सगळ्यांत हट्टी, कारण बऱ्याच इंजिनांत तो ठरावीक टॉर्कला आवळून वर आणखी काही अंश फिरवलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

हे झाले आवळण्याचे आकडे. गंज धरलेला किंवा आधी कुणी बेसुमार आवळलेला नट सोडवायला दुप्पट, कधी त्याहूनही जास्त जोर लागतो. म्हणून तिप्पट धरून चाला: 130 च्या नटाला 400, 250 च्या हब नटाला 750.

आता खोक्याकडे वळा. कंपन्या दोन आकडे देतात, एक आवळण्याचा आणि दुसरा नट सोडवण्याचा. ठळक छापलेला बहुधा सोडवण्याचा असतो, कारण तो मोठा दिसतो. दोन रेंचची तुलना करताना एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो, असे होऊ देऊ नका. आकडा फूट-पाउंडमध्ये असेल तर न्यूटन मीटरसाठी 1.36 ने गुणा.

चाके, ब्रेक आणि सस्पेन्शन एवढेच काम असेल तर सोडवण्याचा टॉर्क 500 ते 700 असलेला अर्धा इंची (हे सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचे माप) रेंच पुरतो, आणि आमच्या मते बहुतेकांनी तोच घ्यावा. हब नट आणि क्रँक बोल्ट नेहमीचे असतील तरच 1000 च्या पुढे जा. तो रेंच बॅटरीसकट 3 किलोच्या आसपास भरतो, गाडीखाली आडवे पडून हात वर धरला की ते वजन जाणवते. अडचणीच्या जागेसाठी तीन-अष्टमांश इंची उपयोगी, पण गंजलेल्या चाकाच्या नटांवर त्याची भिस्त ठेवू नका. ट्रकला पाऊण किंवा एक इंचीच लागतो.

विकत घेतलेला टॉर्क नटापर्यंत पोहोचतोच असे नाही. लांब, बारीक एक्स्टेन्शन (रेंच आणि सॉकेटमधली जोडदांडी) प्रत्येक ठोक्याला पिळते आणि जोर खाते. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) त्याहून वाईट. हवेवरच्या रेंचला 90 पीएसआय दाब ट्रिगर दाबलेला असताना, रेंचच्या तोंडाशी हवा. टाकीवरचा काटा 120 दाखवत असला तरी पाव इंची पाईप आणि अरुंद कपलिंगमुळे पलीकडे दाब कोसळतो. पाईपचे आतले छिद्र किमान 10 मिमी घ्या, पाईप लांब असेल तर 13 मिमी. पहिले दोन नट झटक्यात सुटले आणि तिसरा हलेना, तर टाकी लहान आहे. दाब भरेपर्यंत थांबा. बॅटरीवरच्या रेंचमध्ये 2 अँपिअर-अवरचा छोटा पॅक भाराखाली दबतो; 5 चा लावला की तोच रेंच जोरात चालतो.

सॉकेट इम्पॅक्टचेच, सहा कोनी आणि नटाला घट्ट बसणारे हवे. चकचकीत क्रोमचे हातपान्याचे सॉकेट ठोक्यांनी तडकते आणि तुकडे उडतात, म्हणून गॉगल घालाच.

ठोके 5 ते 10 सेकंदच द्या. नट हलला नाही तर गंज सोडवणारे तेल मारून पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा प्रयत्न करा, मग लांब दांड्याचा पाना घ्या. हट्टाने ठोकत राहिलात तर नटाचे कोपरे गोल होतात किंवा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) तुटतो.

चाक बसवताना नटाचे पहिले काही आटे हातानेच फिरवा. रेंच सर्वांत कमी वेगावर ठेवा आणि नट टेकला की थांबा. गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने नट आवळा, आणि 50 ते 100 किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. इम्पॅक्टनेच शेवटपर्यंत आवळले तर स्टड ताणले जातात आणि चाक डिस्कवर असमान दाबले जाते.

स्पार्क प्लग, सिलिंडर हेडचे बोल्ट आणि ॲल्युमिनियमच्या भागांतले आटे यांना हा रेंच लावू नका. तिथे एक ठोका जास्त पडला तरी आटे निघून येतात.