केस चालू आहे म्हणून गाफील राहू नका: अमेरिकेतल्या हद्दपारीच्या प्रकरणात या चुका टाळा

"अर्ज पेंडिंग आहे, काही होत नाही." आतेभावानं न्यू जर्सीहून फोनवर असं सांगितलं, तेव्हा लातूरला आमच्या घरात सगळे निर्धास्त झाले. आमचा जमिनीच्या वाटणीचा दावा मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. पेंडिंग म्हणजे निवांत, हेच आम्ही पाहत आलो. तिकडं पेंडिंगचा अर्थ तसा नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जुन्या खोलीतल्या मित्रानं एक पाकीट फोडलं म्हणून सुनावणी आठ दिवसांवर आल्याचं समजलं, नाहीतर भाऊ तारखेला गेलाच नसता.

हे पंजाब-गुजरातकडचं प्रकरण आहे, असं आपल्याकडं अजूनही बोललं जातं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते, त्यात तिघे महाराष्ट्रातले. आणि फक्त सीमा ओलांडून गेलेल्यांनाच नोटीस येते असंही नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस निघालेल्या धोरणानुसार, अर्ज फेटाळला गेला आणि राहण्याचा कायदेशीर दर्जा उरला नसेल, तर रीतसर व्हिसावर गेलेल्या माणसालाही कोर्टात हजर राहण्याची नोटीस निघू शकते.

पहिली चूक: दोन कार्यालयांना एक समजणं

नात्यावरचा किंवा ग्रीन कार्डचा अर्ज तपासतं ते यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज पाहणारं सरकारी कार्यालय. हद्दपारीचा खटला चालतो तो इमिग्रेशन कोर्टात, आणि हे कोर्ट न्याय विभागाच्या हाताखाली येतं. आय-१३०, म्हणजे नात्यावरचा अर्ज, दाखल आहे एवढ्यानं खटला थांबत नाही. एकीकडं कळवलेला पत्ता दुसरीकडं आपोआप पोचत नाही. खोली बदलली की पाच दिवसांच्या आत कोर्टाला ईओआयआर-३३ हा फॉर्म द्यायचा, त्याची प्रत सरकारी वकिलाला द्यायची, आणि यूएससीआयएसला दहा दिवसांत एआर-११ भरायचा. भावाच्या कन्सल्टंटनं "मी करतो" म्हणून सांगितलं आणि केलं काहीच नाही. हा फॉर्म स्वतः भरा. पत्ता कळवला नाही तर जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीसही तुम्हाला मिळाली असंच धरलं जातं.

तारीख चुकवणं

आपल्याकडं तारखेला गेलं नाही तर वकील अर्ज देतो, पुढची तारीख पडते. तिथं गैरहजर राहिलात की त्याच दिवशी तुमच्या पाठीमागं हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. स्वतःचं गंभीर आजारपण किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू असं मोठं कारण असेल, तर प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी १८० दिवस मिळतात. नोटीसच कायद्याप्रमाणे मिळाली नसेल तर ही मुदत लागू नाही. रस्त्यात गाडी बंद पडली, एवढ्यावर सहसा भागत नाही. कोर्टाच्या १-८००-८९८-७१८० या नंबरवर आपला ए-नंबर (इमिग्रेशन खात्यानं माणसाला दिलेला ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख कळते. दर आठवड्याला ऐका, तारखा अलीकडंही ओढल्या जातात.

२०२५ मध्ये कोर्टाच्या आवारातच माणसं ताब्यात घेतली गेली, त्यामुळं जायची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण घरी बसून धोका टळत नाही, हुकूम मात्र होतो. सुनावणी व्हिडिओवर घ्यावी असा अर्ज वकिलामार्फत वेळेआधी करता येतो. आणि सरकारी वकीलच "केस काढून टाकू" म्हणाला तर लगेच मान हलवू नका. काहींच्या बाबतीत त्यानंतर न्यायाधीशाशिवायच हद्दपारीची झटपट कारवाई सुरू होते. उत्तर द्यायला वेळ मागा.

आपल्याकडच्या कागदांचा घोळ

इथं आपण घरबसल्या खरी मदत करू शकतो, आणि इथंच आपण सगळ्यात ढिले असतो. मराठवाड्यात कितीतरी जणांचा वाढदिवस जूनमध्येच का, हे सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बसवून दिलेली तारीख. मग टीसीवर १ जून, ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरंच काही, पासपोर्टवर टीसीची तारीख. नावाचंही तेच. वडलांचं नाव तिकडं 'मधलं नाव' होतं, कुठं आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतर सुनेचं पहिलं नावही बदललेलं असतं. तिथल्या न्यायाधीशाला ही आपली रीत ठाऊक नसते, त्याला विसंगती दिसते. ती झाकू नका. फरक का पडला हे प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा. जन्माची नोंदच नसेल तर तसं प्रमाणपत्र ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून घ्या, जोडीला माहीतगार वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं द्या. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं ते बरोबर असल्याचं सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

दुभाष्या मराठीच मागा. हिंदी समजते म्हणून "चालेल" म्हणणारी आपली माणसं पुढं "माझं तसं म्हणणं नव्हतं" म्हणत बसतात.

तयार कहाणी विकत घेणं

"आश्रयाचा अर्ज टाक, स्टोरी आम्ही देतो" असं सांगणारे एजंट आहेत. वावर विकून त्यांना पैसे दिलेली घरं आहेत. आश्रयाच्या अर्जात मुद्दाम महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर पुढं जवळपास कुठलाच इमिग्रेशन लाभ मिळत नाही, आयुष्यभर. कोर्टात बाजू मांडायला परवानाधारक वकील किंवा न्याय विभागाची मान्यता असलेला प्रतिनिधीच लागतो. सरकार फुकट वकील देत नाही, खर्च आपला आपण करायचा. म्हणून पैसे एजंटावर घालवू नका.

"एकदा येऊन जा"

हे लिहिताना जड जातं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आपण पोराला बोलावतो. खटला चालू असताना तो देशाबाहेर पडला तर त्याचे अर्ज सोडून दिल्यासारखे होऊ शकतात, आणि पुढची तारीख चुकली की हुकूम होतो. बेकायदा राहणं वर्ष किंवा त्याहून जास्त झालेलं असेल तर दहा वर्षं परत जाण्यावर बंदी येते; १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल आणि खटला सुरू होण्याआधीच तो बाहेर पडला तर तीन वर्षं. वकिलाला विचारल्याशिवाय त्याला गळ घालू नका.

अपील म्हणजे स्टे नव्हे

जमिनीच्या खटल्यांतून हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. न्यायाधीशाच्या निकालावर मुदतीत बोर्डाकडं (इमिग्रेशनची अपिलं ऐकणारं मंडळ) अपील केलं, तर सहसा तोवर हद्दपारी थांबते. ही मुदत फार थोडी असते, निकालाच्या दिवशीच वकिलाकडून खात्री करून घ्या. बोर्डानंतर फेडरल कोर्टात जायला ३० दिवस असतात, पण तिथं नुसता अर्ज दाखल करून काही थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. अनेक जण इथंच फसतात.

आपल्या माणसाला ताब्यात घेतलंच, तर त्यानं न वाचता, न समजता सही करू नये. "स्वतःहून जातो" या कागदावर सही म्हणजे न्यायाधीशापुढं लढायचा हक्क सोडणं. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा, असं सांगण्याचा अधिकार त्याला आहे. त्याला कुठं ठेवलंय ते ऑनलाइन शोधायला ए-नंबर आणि जन्माचा देश लागतो, म्हणून हा नंबर इथं गावाकडंही असू द्या.

अण्णांच्या डायरीत वाटणीच्या दाव्याच्या नंबराखाली आता भावाचा ए-नंबर, वकिलाचा फोन आणि पुढची तारीख लिहिलेली आहे. तारीख आठ दिवसांवर आली की आत्या रोज फोन लावते, "उद्या जायचंय का रे?" म्हणून.