किडनीच्या रुग्णासाठी बटाट्यातले पोटॅशियम कमी करताना

निरोगी माणसाने पोटॅशियम भरपूर खावे. रक्तदाब आटोक्यात राहायला त्याची मदत होते. किडनी थकली की मात्र ते रक्तात साठते. ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ही साधारण पातळी. ती ६ च्या वर गेली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही.

पोटॅशियम पाण्यात विरघळते, सगळी युक्ती तेवढीच. बटाटा सोलून पातळ चकत्या किंवा बारीक फोडी करा. एक वाटी फोडींना पाच वाट्या पाणी घेऊन उकळी आणा, ते पाणी ओतून टाका, नवे पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवा. तेही पाणी टाकायचे. साधारण निम्मे पोटॅशियम जाते, सगळे नाही. म्हणून भाजी वाटीभरच.

चुकते कुठे? सालासकट अख्खा बटाटा कुकरला लावला की पोटॅशियम आतच राहते. नुसते रात्रभर भिजवून फारसे साधत नाही. आणि उकळलेले पाणी ‘सत्त्व आहे’ म्हणून आमटीत ओतणे, ही तर घरोघरची सवय!

कमी सोडियमचे मीठ घरात असेल तर पाकीट वाचा: त्यात सोडियमऐवजी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. ते या रुग्णाला नको. शहाळ्याचे पाणीही नको. डायलिसिस सुरू असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.