अमेरिकन टीव्हीवरचा जुना विनोदवीर अर्नी कोव्हॅक्स बघायचा तर सुरुवात कुठून करायची

आधी त्याचा १९५७ चा सायलेंट शो लावा, अर्धा तास, डायलॉग जवळपास नाहीच. टेबलावरचा सीन नीट बघा, डब्यातून ऑलिव्ह काढतो तर ते गडगडत जातात, थर्मासमधून दूध ओततो तर धार ग्लास सोडून भलतीकडेच, काय चाललंय कळत नाही, मग पॉज करा आणि धारेकडे बघा, अहो सेटच तिरका बांधलाय आणि कॅमेराही तेवढाच तिरका ठेवलाय म्हणून आपल्याला सगळं सरळ दिसतं! मग नैरोबी ट्रायो, म्हणजे गोरिला मुखवटे घातलेल्या तीन वादकांचं त्याचं स्केच, शेवटी १९६१ चे एबीसी या अमेरिकन चॅनेलवरचे स्पेशल्स. चरित्र नंतर वाचलं तरी चालेल, १९१९ ला ट्रेंटनमध्ये जन्म, १९६२ ला लॉस एंजेलिसमध्ये कार अपघातात गेला. तेव्हा चॅनेलवाले कार्यक्रमांच्या टेप सर्रास पुसायचे, बायको एडी ॲडम्सने उरलेल्या विकत घेतल्या म्हणून एवढं तरी शिल्लक आहे.