पुरुषांची वाढलेली छाती: तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत

छाती स्त्रीसारखी दिसू लागली, की बहुतेक पुरुष आधी सैल शर्ट घालू लागतात, खांदे पुढे काढून चालतात आणि पोहायला जाणे बंद करतात. डॉक्टरांकडे जातात ते त्यानंतर बऱ्याच काळाने, आणि तेही अनेकदा ‘एका दिवसात घरी, व्रण नाही’ अशी जाहिरात वाचून थेट शस्त्रक्रियेसाठीच. वाढ कशाची आहे, ती का झाली आणि आता थांबली आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

पहिल्या प्रश्नाचा अंदाज घरी घेता येतो. उताणे झोपून एक हात डोक्याखाली घ्यावा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन कडांवर ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणावीत. स्तनाग्राच्या बरोबर खाली खोडरबरासारखी घट्ट पण लवचीक चकती बोटांना अडली, तर ती वाढलेली स्तनग्रंथी असते आणि याच स्थितीला गायनेकोमास्टिया म्हणतात. बोटे काही न अडता जवळ आली, तर बहुधा ती नुसती चरबी असते आणि वजन घटवणे हा तिच्यावरचा पहिला उपाय ठरतो. पुष्कळांमध्ये दोन्ही एकत्र असतात. मात्र गाठ टणक असेल, स्तनाग्रापासून बाजूला असेल, त्वचा आत ओढली गेली असेल, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर एक आठवडाही दवडू नये. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी पुरुषांमधले साधारण 1 टक्काच असतात, परंतु ‘पुरुषांना हा आजार होत नाही’ या समजुतीमुळे ते उशिरा सापडतात.

कारणाचा शोध फिजिशियन किंवा अंतःस्रावतज्ज्ञाकडे घ्यावा. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा तोल बिघडला की ग्रंथी वाढते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये, विशेषतः 13-14 व्या वर्षी, हे अगदी स्वाभाविक असते आणि बहुतेकांची वाढ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. तोवर घरच्यांनी आणि विशेषतः पाहुण्यांनी थट्टा टाळली, तर त्या मुलाला तोच मोठा आधार होतो. प्रौढांनी घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांना द्यावी, कारण हृदय व यकृताच्या रुग्णांना दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठी किंवा केसगळतीसाठी घेतले जाणारे फिनास्टेराइड आणि मानसिक आजारांवरचे रिस्पेरिडोन यांमुळेही ही वाढ होऊ शकते. औषध परस्पर बंद मात्र करू नये. व्यायामशाळेत कुणाच्या सांगण्यावरून घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने लपवणारे पुष्कळ असतात. ती लपवून शस्त्रक्रिया केली आणि पुढे चालूच ठेवली, तर ग्रंथी पुन्हा वाढण्याचा धोका राहतो. डॉक्टर वृषणांचीही तपासणी करतील, तिला संकोचाने नकार देऊ नये: वृषणाच्या काही गाठींचे पहिले लक्षण छातीवरच दिसते. गरजेनुसार यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरकांच्या रक्तचाचण्या सांगितल्या जातात.

वाढ नवी आणि दुखरी असेल, तर काही वेळा टॅमॉक्सिफेनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. साधारण वर्ष उलटले की ग्रंथीत तंतुमय ऊती तयार होतात आणि औषधे फारशी चालत नाहीत. वाढ स्थिरावलेली असून तिचा त्रास होत असेल, तेव्हा शस्त्रक्रिया योग्य ठरते.

त्यासाठी प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी असलेला सर्जन निवडावा. मुंबईच्या केईएम आणि शीव या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. सर्जनला नेमके विचारावे: फक्त चरबी शोषणार की ग्रंथीही काढणार? ग्रंथी असताना नुसते लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे) केले, तर चकती मागेच राहते. सामान्यतः बारीक नळीने चरबी शोषून घेतात आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धवर्तुळाकार छेद घेऊन ग्रंथी काढतात. व्रण असतोच, तो रंगांच्या सीमेवर असल्याने सहसा नजरेत भरत नाही इतकेच. स्तनाग्राखाली ग्रंथीचा पातळ थर मुद्दाम ठेवला जातो, नाहीतर तेथे बशीसारखा खळगा पडतो. त्वचा फार लोंबत असेल तर तीही काढावी लागते आणि व्रण मोठा राहतो. काढलेली ऊती पॅथॉलॉजी तपासणीला पाठवायला सांगावी.

शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे धूम्रपान थांबवावे आणि ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास सर्जनला सांगावे. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे दाब देणारी घट्ट बंडी घालावी लागते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात ती नकोशी होते, म्हणून जमल्यास हिवाळ्यातली तारीख घ्यावी. बैठे काम बहुतेकांना आठवड्याभरात सुरू करता येते, पण वजने उचलायला सर्जनची परवानगी मिळेपर्यंत थांबावे. पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच बाजूला झपाट्याने सूज व वेदना वाढल्या, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्तनाग्राभोवतीची बधिरता बहुधा काही महिन्यांत ओसरते.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. वैद्यकीय गरज म्हणून दावा करायचा असेल, तर डॉक्टरांचे लेखी मत आणि चाचण्यांचे अहवाल जोडून कंपनीकडून आधीच लेखी मंजुरी घ्यावी.