टीएस बदलला आणि स्थिर मोटर अस्थिर झाली

बडोद्यात दांडिया बाजारातील घरी डीसी मोटरच्या वेगनियंत्रणाचे मॉडेल मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तपासताना, त्याचे डिजिटल रूप मिळावे म्हणून मी ट्रान्सफर फंक्शन (इनपुट आणि आउटपुटमधले गणिती नाते) ऑब्जेक्टच्या ‘टीएस’ (सॅम्पल टाइम, म्हणजे दोन नमुन्यांमधला वेळ) या गुणधर्माला थेट ०.१ हे मूल्य दिले. त्रुटीचा संदेश आला नाही (आला असता तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या). आलेख मात्र चिन्ह बदलत, पावलागणिक जवळजवळ दुपटीने वाढू लागला. मूळ पोल (ट्रान्सफर फंक्शनचा छेद जिथे शून्य होतो ते मूल्य; स्थिरता त्यावर ठरते) उणे २ वर होता, आणि सतत मॉडेलमध्ये ऋण पोल स्थिर असतो. टीएस बदलल्याने केवळ सतत मॉडेलच्या ‘एस’ या चलाच्या जागी डिजिटल मॉडेलचा ‘झेड’ येतो, सहगुणक तेच राहतात आणि म्हणून तोच पोल एकक वर्तुळाबाहेर (त्रिज्या १; डिजिटल मॉडेल स्थिर राहायला पोल त्याच्या आत हवा) ठरतो. मूळ ऑब्जेक्ट पुन्हा तयार करून ‘सीटूडी’ (कंटिन्युअस टू डिस्क्रीट, म्हणजे सततचे डिजिटल) फंक्शनने रूपांतर केल्यावर पोल सुमारे ०.८१९ वर आला आणि प्रतिसाद स्थिरावला.